दाऊदचाचांची आगबोट

दाऊदचाचा लाकूड चाखायचे. दम्मामच्या आमच्या वखारीत मालाचा ट्रेलर येऊन उभा राहिला की ते एखाद्या फळीच्या मधोमध पटाशी मारून ढलपी काढायचे, ती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मग थुंकून निकाल द्यायचे. निकाल दोनच. 'सुकलंय' म्हणाले की माल आत. 'अजून पितंय' म्हणाले की माल बाहेरच्या शेडमध्ये, वर्षभर, दोन वर्षं, चाचा परत चाखतील तोपर्यंत. लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं एक यंत्र कंपनीने आणलं होतं. चाचा आधी स्वतः सांगायचे, मग यंत्र लावायला लावायचे, आणि आकडा जुळला तर यंत्राला शाबासकी द्यायचे.

आमची पहिली भेटही जिभेवरच झाली. मी ऑफिसात कारकून म्हणून लागलो होतो. लोकांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, पासपोर्ट, सुट्ट्या, मेडिकल हे माझं काम. तिसऱ्या दिवशी कसल्याशा यादीवर सही घ्यायला वखारीत गेलो, तर साठीच्या घरातला एक काटकुळा माणूस लुंगीवर हातभर लांब पटाशी घेऊन बसलेला. "कुठला?" म्हणाले. मी म्हणालो, चिपळूण. "तोंड उघड." आणि मी मूर्खासारखं उघडलं. पंधरा माणसांच्या देखत त्यांनी माझ्या जिभेवर ढलपी ठेवली.

"काय लागतंय?"

"कडू."

"कडू तुझं तोंड हाय. लाकूड ओलं हाय का सुकं?"

"मला नाही कळत."

"मंग हितं कशाला आलास? चिपळूणला कागद कमी पडले काय?"

पंधराच्या पंधरा माणसं हसली. त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, तरी हसली. त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. 'ए चिपळूण', बस्स. पुढची नऊ वर्षं मी त्या माणसासाठी नगरपालिका असलेलं एक गाव होतो.

उगाच साखरेत घोळवत नाही, मला हा माणूस आवडत नव्हता. व्यक्तिचित्रं लिहिणारे लोक 'वरून फणस, आतून गरे' असलं काहीतरी लिहून मोकळे होतात. चाचा वरून काटेरी होतेच, आतलं काय ते सांगतो. एकदा गोरखपूरच्या एका सुताराने चांगली शिसवी फळी रंधा उलटा मारून खराब केली. चाचांनी ती फळी त्याच्या पाठीवर दोरीने बांधली आणि भर बारा वाजता, जूनच्या उन्हात, वखारीला तीन फेऱ्या मारायला लावल्या. माणूस चाळीशीचा, तीन मुलांचा बाप. रडत होता. चाचा सावलीत बसून चहा पीत होते. "हे झाड शंभर वर्षं उभं होतं," म्हणाले, "तू पाव तासात मारलंस. जरा उचलून बघ, मेलेलं किती जड असतं." मी मध्ये पडायला हवं होतं. नाही पडलो. मलाही त्यांची भीती वाटायची.

आणि तरीही एक दिवस आहे तो लिहायलाच हवा. माझे वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट नूतनीकरणाला अडकला होता. जाता येणार नव्हतं. फोनवरच सगळं ऐकलं आणि कुठे जावं ते न कळून वखारीत जाऊन उभा राहिलो. चाचांनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. ते सांत्वनाचा एक शब्द बोलले नाहीत. सागवानाची एक फळी माझ्यापुढे टाकली, पॉलिशपेपर हातात दिला आणि म्हणाले, "घास." मी घासत बसलो. तासाभराने येऊन बोट फिरवलं. "अजून खरबरीत हाय. घास." दुपारचं जेवण झालं, असरची नमाज झाली, मगरीबची झाली. बोटांची सालं निघाली तेव्हा म्हणाले, "बस. आता जा, झोप लागंल." आणि खरंच लागली. त्या दिवसानंतर मी त्यांचा झालो. मी त्यांचा झालो होतो, म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

दाऊदचाचा बाणकोटच्या खाडीकाठचे. बाप, आजा, पणजा, सगळे गलबतं बांधणारे. कागदावर आराखडा न काढता, हात, वीत आणि बोटं यांच्या मापाने सबंध जहाज उभं करणारी ती माणसं. गावातलं काम संपलं तसे चाचा सौदीला आले. त्या काळी आमच्या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही सगळे होतो त्या मालकाकडे, शिल्लक व्हिसा होता तो घरच्या खासगी ड्रायव्हरचा, म्हणून चाचा ड्रायव्हर म्हणून आले. चौतीस वर्षं त्यांच्या इकाम्यावर पेशा ड्रायव्हर. या माणसाला सायकलसुद्धा येत नव्हती. वखारीत कोणी गाडी मागे घेताना भिंतीला घासली की हटकून कोणीतरी म्हणायचं, "चाचांना बोलवा, ते सरकारमान्य आहेत." यावर मात्र चाचाही हसायचे.

चहाच्या वेळी ते आज्याची गोष्ट सांगायचे. आजा एका लाकडी आगबोटीवर सुतार होता. कोणा व्यापाऱ्याने कोकणात बांधलेल्या चांगल्या शिडाच्या गलबतात भंगारातलं वाफेचं इंजिन बसवून तिची आगबोट केली होती. मलबारहून सागवान भरायचा, किनाऱ्याकिनाऱ्याने वर यायचं, मग बहारीन, कतीफ, बसरा. वाऱ्याची वाट बघायला नको, म्हणून व्यापारी खूश. "पण लाकडाच्या पोटात आग ठेवली की लाकूड काय करतं?" चाचा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "सुकतं. आकसतं. सांधे उघडतात." त्यामुळे बॉयलरच्या आजूबाजूच्या फळ्यांवर दिवसरात्र समुद्राचं पाणी मारायला एक माणूस ठेवलेला असायचा. दुसरं काम नाही त्याला. बादली भरायची, मारायची. कोळसा संपला की अंगावरच्या मालातलंच सागवान फोडून भट्टीत घालायचे. ज्या लाकडासाठी निघाली तेच खात खात बोट चालायची.

एका खेपेला व्यापाऱ्याने पाणी मारणारा माणूस कमी केला. नुसतं पाणी तर मारतो, खलाशी मारतील अधूनमधून, असं म्हणाला. कतीफ दिसायला लागलं आणि बॉयलरखालचे सांधे उघडले. बोट बसली, पण लाकूड तरंगलं आणि माणसं लाकडाला धरून तरंगली. किनाऱ्यावरून होड्या आल्या. इथे चाचा थांबायचे, बशीतला चहा संपवायचे. "होड्या आल्या न्‌ आधी लाकूड उचललं. माणसाच्या हातातनं ओंडका सोडवून घेत. माणसं दुसऱ्या फेरीला." दुसऱ्या फेरीपर्यंत सहा जण उरले नव्हते. आजा उरला, कारण त्याने ओंडका सोडला नाही, त्याला ओंडक्यासकट उचलावं लागलं. ही गोष्ट सांगून चाचा खदाखदा हसायचे. त्या होड्या कोणाच्या होत्या हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्या कफीलचे आजोबा कतीफला लाकडाचा व्यापार करायचे, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

कफीलने अल-खोबरला समुद्रासमोर नवं ऑफिस बांधलं, सगळी काच. त्याच्या लॉबीत आजोबांच्या व्यापाराची आठवण म्हणून एक लाकडी आगबोट ठेवायची टूम निघाली. खरी नव्हे, पण खेळण्यातलीही नव्हे. बारा हात लांब, आत पितळी बॉयलर, वर धुराडं. बांधणार कोण, हा प्रश्नच नव्हता. चाचांना बोलावून जनरल मॅनेजरने सांगितलं. त्याला आम्ही सगळे मुदीरच म्हणायचो. चाचा खाली आले. संध्याकाळी बघतो तर वखारीच्या फरशीवर बसून खडूने बोटीचा कणा आखत होते आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. मला बघून म्हणाले, "चिपळूण, पस्तीस वर्षांनी बोट बांधतोय. जमंल ना रे?" त्यांनी मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न.

नेमकी तीच निताकतची वर्षं. कंपनीत किती सौदी, किती बाहेरचे, यावरून कंपनीला रंग मिळायचा आणि आमची कंपनी लाल, म्हणजे सगळ्यात खालच्या रंगात होती. त्यातच फर्मान निघालं की ज्याचा इकामा एका नावावर आणि काम दुसरीकडे, त्याने ठरलेल्या मुदतीत कागद दुरुस्त करून घ्यावेत, नाहीतर देश सोडावा, नाहीतर तुरुंग. घरच्या व्हिसावर आलेल्या चाचांना कंपनीच्या नावावर घ्यायचं आणि पेशा ड्रायव्हरचा सुतार करायचा, एवढंच करायचं होतं. फॉर्म मी भरला. फोटो चिकटवला. फोटोत चाचा पहिल्यांदाच कॉलरचा शर्ट घालून बसले होते.

मुदीरने फॉर्म बघितला आणि बाजूला ठेवला. "मुख्य सुताराची जागा सौदीला द्यायची आहे," म्हणाला. "एक मुलगा घेतलाय, फहद. याचा कागद जाणार नाही."

"मग चाचांना सांगू?"

"बोट होईपर्यंत नाही. मुदतीच्या आत उद्‌घाटन करू, मग फायनल एक्झिट लावून कायमचा घरी पाठवू. आत्ता सांगितलंस तर म्हातारा हात आखडेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझाही इकामा याच महिन्यात आहे ना?"

आहे ना, एवढंच म्हणाला. माझी बायको आणि मुलगी तेव्हा खोबरला माझ्याबरोबर होत्या, मुलगी शाळेत होती. ही सबब आहे हे मला कळतं. पण तेव्हा ती मला सबब वाटली नाही, कारण वाटली. चाचांचा फॉर्म मी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवला.

दर शनिवारी चाचा ऑफिसच्या दारात यायचे. आत येत नसत, पायाला भुसा असायचा म्हणून. "चिपळूण, माझा कागद कुठवर आला?" मी म्हणायचो, "चालू आहे चाचा. प्रोसेसमध्ये आहे." ते मान डोलवायचे. "बघ बाबा. तू हायस म्हणून काळजी नाय." हे वाक्य ते दर शनिवारी म्हणायचे. पहिल्या शनिवारी मला जेवण गेलं नाही. चौथ्या-पाचव्या शनिवारी गेलं. माणूस फार लवकर सरावतो, याची शरम कोणाला सांगणार.

फहद आला. तिशीचा, तारूत बेटावरचा, आजा मोती काढणारा पाणबुड्या. आम्हाला वाटलं होतं हजेरी लावून निघून जाईल, कागदावरच राहील. तो पहिल्याच दिवशी चाचांपुढे मांडी घालून बसला आणि त्यांना मुअल्लिम म्हणाला, म्हणजे उस्ताद. चाचांनी त्याच्याही जिभेवर ढलपी ठेवली. त्याने थुंकली नाही, नीट चघळली आणि अरबीत म्हणाला, ओलं आहे. चाचांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला राग आला, कशाचा ते विचारू नका.

दोघं तासन्‌तास अरबीत बोलत बोट बांधायचे. सांगाडा उभा राहिला, मग फळ्या चढायला लागल्या. सांध्यांत माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठासताना फहदच्या अंगठ्याची वाट लागली, तर चाचा त्याला म्हणाले, "तुझा आजा पाण्याखाली श्वास धरायचा, तुला एवढं धरवत नाय?" कामाच्या बाबतीत ते सगळ्यांना सारखेच जालीम होते. आणि सकाळ-संध्याकाळ ते बोटीवर पाणी मारायचे. पाइप नाही, झारी. एकेक फळी, वरून खालपर्यंत. कोणी विचारलं की म्हणायचे, "आगबोटीला पाणी लागतंच." आज्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे पुढे कोणी विचारत नसे.

बोट तयार झाली तेव्हा मी सांध्यांवरून नख फिरवून बघितलं. कुठेच अडकलं नाही. जहाज बघून कोणाचे डोळे भरून येतील यावर माझा विश्वास नव्हता, पण माझे आले. चाचांनी मला बघितलं. "काय रडतोस," म्हणाले, "तुला कुठं वल्हवायची हाय." मग मुदीर आला, त्याला त्यांनी हात जोडून सांगितलं की बोट बाहेर हौदात ठेवा, पाण्यात ठेवा, आत ठेवू नका. मुदीर हसला. लॉबीत इटालियन संगमरवर होता आणि एसी चोवीस तास.

बोटीशेजारी लावायच्या फलकाचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे आला, कारण माझं इंग्रजी बरं. मी वाफेच्या लाकडी बोटींबद्दल लिहिलं, मलबारच्या सागवानाबद्दल लिहिलं, पाणी मारणाऱ्या माणसाबद्दलही दोन ओळी लिहिल्या. बोट बुडाल्याचं लिहिलं होतं ते मुदीरने खोडलं. पाणी मारणाराही खोडला. शेवटी 'ही बोट राष्ट्राच्या कुशल हातांनी बांधली' असं घालायला सांगितलं आणि खाली फहदचं नाव. मी घातलं. टाइप करायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

उद्‌घाटनाला चाचांना बोलावलं नव्हतं. बोटीची शेवटची पॉलिश करून ते मागच्या दाराने गेले होते. फीत कापली, फोटो निघाले. फहद फलकासमोर उभा राहिला, फलक वाचला आणि फोटोसाठी न थांबता निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या खोलीवर जाऊन त्यांच्या हातात फायनल एक्झिटचा कागद दिला. वाटेत मी बोलायची वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही निघालं नाही. चाचांनी कागद उलटा धरून बघितला, सुलटा केला, घडी घातली.

"कधी?"

"परवा."

"बरं. बॅग भरायला येळ हाय म्हणजे."

ओरडले असते, शिव्या घातल्या असत्या, पाठीवर फळी बांधून फेऱ्या मारायला लावल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालोसुद्धा.

विमानतळावर सोडायला फहद त्याची गाडी घेऊन आला. चौतीस वर्षं कागदावर ड्रायव्हर असलेला माणूस पुढच्या सीटवर बसला आणि सौदीने गाडी चालवली. मी मागे, बॅगेशेजारी. सबंध रस्ताभर दोघं हळू आवाजात बोलत होते. आत जाताना चाचांनी फहदच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. परतताना फहदने मला एकच विचारलं. "तू त्याच्याच गावाकडचा ना?" मी म्हणालो, त्याच जिल्ह्यातला. आठवड्याभरात त्याने नोकरी सोडली. मुदीरला पुन्हा सौदी शोधावा लागला.

तीन आठवड्यांनी लॉबीत पहिला आवाज झाला. रिसेप्शनवरच्या माणसाला वाटलं काच फुटली. बोटीच्या उजव्या कुशीवरची फळी लांबच्या लांब तडकली होती. मग दुसरी. मग सांधे उघडायला लागले, आतला कापूस लोंबायला लागला, पितळी बॉयलर फटीतून दिसायला लागला. पाहुणे विचारायला लागले. कफील यायचा होता. मुदीरने सुतार आणले, त्यांनी हात वर केले. त्यातल्या एकाने यंत्राच्या सुया फळीत खुपसल्या आणि म्हणाला, हे लाकूड बांधताना चिंब ओलं असणार.

मी वखारीत गेलो आणि मालाच्या चिठ्ठ्यांची फाइल काढली. बोटीच्या सांगाड्याचं लाकूड शेडमध्ये दोन वर्षं सुकलेलं होतं. फळ्या मात्र नव्या ट्रेलरमधून सरळ उतरवलेल्या. चाचांचा अंगठा. चिठ्ठी फहद रुजू झाल्यानंतरच्या आठवड्यातली. सुकलेलं सागवान शेडमध्ये पडून होतं, हवं तेवढं. चाचांच्या लाकडाला यंत्र लावायची कोणाची छाती नव्हती, आणि रोजच्या झारीमुळे कोणाला शंकाही आली नाही. हा तो माणूस, ज्याची जीभ ओल्या लाकडाला आयुष्यात एकदाही चुकली नव्हती.

मुदीर म्हणाला, म्हाताऱ्याला फोन लाव. मी लावला. बाणकोटला रेंज येत-जात होती.

"चाचा, बोट फाटतेय."

"फाटणारच."

"फळ्या ओल्या होत्या."

"व्हय."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"तुला पण ठाव होतं माझा कागद कुठं हाय तो. खालच्या खणात. फहदने पहिल्याच दिवशी सांगितलं मला. रुजू व्हायला तुझ्या टेबलाशी आला तवा खणात माझा फोटो दिसला त्याला. म्हणाला, मुअल्लिम, मला तुमच्या जागेवर घेतलाय, मी बसू का नको? त्यो परका. त्याने सांगितलं." मग श्वास घ्यायला थांबले. "मी दर शनिवारी दारात का येत होतो, वाटलं तुला? एकदा तरी सांगशील म्हणून येत होतो. एका शनिवारी सांगितलं असतंस तर त्या फळ्या काढून सुक्या घातल्या असत्या. शेवटच्या शनिवारपर्यंत येळ होता."

मुदीर समोर उभा राहून, उपाय विचार, उपाय विचार, असं खुणावत होता.

"चाचा, आता काय करायचं?"

"पाणी मार, चिपळूण. सकाळ-संध्याकाळ. फुगतील, सांधे मिटतील."

"किती दिवस?"

"तुझा इकामा असेल तवर."

त्यांनी फोन ठेवला. परत कधी उचलला नाही. त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, त्यांच्या पुतण्याने कळवलं की चाचा गेले. अंगणात पडलेली एक जुनी फळी पाणी पितेय का बघायला वाकले आणि उठले नाहीत. मी मेसेज वाचला, झारी भरली आणि कामाला लागलो, कारण सकाळची वेळ झाली होती.

चार वर्षं मारलं पाणी. ऑफिस उघडायच्या आधी आणि सुटल्यावर. झारी त्यांचीच, वखारीतून मी आणली होती. बोट मिटली होती. पाहुणे तिच्यासमोर फोटो काढायचे, फलक वाचायचे. खाली संगमरवरावर सांडलेलं पाणी मी हाताने पुसायचो, कारण सफाईवाल्यांना ते काम सांगितलं तर ते का विचारतील अशी मला भीती होती. मुलगी एकदा ऑफिसात आली होती. "पप्पा, डझन्ट समवन एल्स डू धिस?" म्हणाली. मी म्हणालो, नाही गं, हे माझंच काम आहे.

मग माझी पाळी आली. कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांची सगळी पदं फक्त सौदींना, असा नियम झाला. माझ्या जागी एक चांगला, हुशार तरुण आला. मी त्याला दोन आठवडे सगळं शिकवलं: फाइली, पासवर्ड, कोणाचा इकामा कधी संपतो, कोणता फॉर्म कुठल्या खणात. शेवटच्या दिवशी सकाळी मी बोटीसमोर उभा राहिलो. कोरडी होती, आदल्या संध्याकाळी मी पाणी मारलं नव्हतं. झारी रिकामी करून बाथरूमच्या कपाटात पालथी ठेवली.

निघताना मुदीरने हात मिळवला. "त्याला सगळं सांगितलंस ना? काही राहिलं नाही ना?"

"सगळं सांगितलं," मी म्हणालो.